नेम कोणी तपासावयाचा?



आम्ही डॉक्टर नव्हे, आणि भौतिकशास्त्रज्ञ तर नव्हेच नव्हे. आमचे शिक्षण कारखान्यात झाले. अठराव्या वर्षी एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या तपासणी खात्यात हेल्पर म्हणून लागलो, पुढे युनियनचे काम अंगावर आले आणि अंगवळणी पडले. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचार आणि त्यातील नेमाची तपासणी या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असल्यास तो रास्तच आहे. अधिकार एवढाच की, आमचे निम्मे आयुष्य मोजमाप तपासण्यात गेले आणि उरलेले निम्मे तपासणाऱ्या माणसाची बाजू मांडण्यात.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका भांडणामुळे, आणि त्या भांडणात चूक आमची होती. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एका भगिनीस हा विकार जडला. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला. गाठ काढून झाली आणि पुढे तीन आठवडे किरण घ्यावयाचे ठरले. एके सकाळी आम्ही तिच्यासोबत गेलो, तो यंत्र बंद. बाकांवर माणसे खोळंबलेली. कोणी पहाटेच्या एस.टी.ने आलेले, कोणी रोजंदारी बुडवून बसलेले. कुजबुज वाढली, आणि सवयीप्रमाणे सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आम्ही तावातावाने आत गेलो. यंत्राचे दिवे लागलेले आहेत, डॉक्टर हजर आहेत, मग माणसे कशासाठी ताटकळत ठेवता, असा आमचा सवाल. तेथे एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ मुलगी होती. तिने आवाज चढविला नाही. हरभऱ्याएवढी एक धातूची गोळी तिने आमच्यापुढे धरली आणि म्हणाली, "काका, ही गोळी आज किरणांच्या मध्यावर येत नाही. दोन मिलिमीटर बाजूला जाते. तुम्ही सांगत असाल तर यंत्र चालू करते."

आम्ही गप्प झालो. चुकीचे गेज हाती घेऊन जॉब पास करावयास नकार देणाऱ्या तपासनिसाची बाजू आम्ही मॅनेजरपुढे किती वेळा मांडली होती! आणि त्या दिवशी मॅनेजरच्या खुर्चीत आम्हीच जाऊन बसलो होतो. ती गोळी आमच्या मनातून गेली नाही. ती कोठून आली, तिच्या आधी काय होते, हे शोधता शोधता जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे हाडे दाखविणारे चित्र घेतले आणि ते जगभर गाजले. पुढे काही महिन्यांतच या किरणांनी रोग बरा होतो का, हे पाहण्याची धडपड सुरू झाली. शिकागोच्या एमिल ग्रुबे यांनी तर १८९६ च्या जानेवारीतच आपण स्तनाच्या कर्करोगाच्या एका स्त्रीवर उपचार केल्याचा दावा पुढे केला. त्या दाव्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु स्तनाची गाठ हे किरणोपचाराचे अगदी आरंभापासूनचे लक्ष्य होते, याविषयी मतभेद नाही.

आता नळीतून किरण नीट निघतात की नाही, हे त्या काळी तपासावयाचे कसे? मोजण्याचे साधन नव्हते. तपासणारा माणूस नळीसमोर स्वतःचा हात धरी आणि पडद्यावर हाडे किती स्पष्ट दिसतात ते पाही. म्हणजे या शास्त्रातील पहिले गेज हा माणसाचा हात होता. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा कामगार होता, मूळचा काच फुंकणारा कारागीर. तो नळ्या बनवी आणि रोज आपल्याच हाताने तपासी. प्रथम कातडी भाजली, मग जखमा चिघळल्या, मग एकामागून एक अवयव कापावे लागले, आणि १९०४ साली तो वारला. एडिसनने या किरणांचे काम सोडून दिले. जर्मनीत हँबुर्ग येथे १९३६ साली अशा किरणबळींचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती. गिरणीतला हात पट्ट्यात सापडला तर निदान तो अपघात म्हटला जातो. येथे हात रोज, नियमाने आणि कामाचा भाग म्हणून पुढे करावा लागत होता. आजच्या तपासणीच्या पायाखाली हे हात पुरलेले आहेत, याचे विस्मरण होता कामा नये.

पुढील दोन-तीन दशके डॉक्टर मात्रा ठरवीत ती रोग्याच्या कातडीवरून. कातडी लाल झाली की मात्रा पुरी झाली. हे म्हणजे भाकरी करपल्याच्या वासावरून तव्याचे तापमान ओळखण्यासारखे होते. १९२८ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत रंटगेन हे माप ठरले आणि लंडनमधली मात्रा व न्यूयॉर्कमधली मात्रा यांची तुलना करता येऊ लागली. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. किती किरण दिले हा एक प्रश्न आणि ते कोठे पडले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर १९२८ साली हाती आले. दुसऱ्याचे उत्तर यावयास आणखी कितीतरी वर्षे जावी लागली. पगाराची रक्कम बरोबर असली तरी पाकीट भलत्याच्या हाती पडले तर काय उपयोग?

स्तनाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिकच बिकट. कवटी कठीण असते. तिला चौकट बांधली की आतला मेंदू फारसा हलत नाही. म्हणूनच स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी चौकटीत डोके धरून नेमके किरण मारण्याची कल्पना १९५१ साली मांडली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस गॅमा नाइफ हे यंत्र प्रत्यक्षात आणले. स्तनाला हाडाचा आधार नाही. बाई उताणी निजली की तो एका बाजूला कलतो, हात वर केला की दुसरीकडे सरकतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छाती वर-खाली होते. त्याच्या मागे बरगड्या, बरगड्यांमागे फुप्फुस, आणि डाव्या बाजूस हृदय. म्हणून किरण समोरून न सोडता छातीला चाटून जातील असे तिरपे सोडतात. ही तिरपी रेघ थोडी आत सरकली तर फुप्फुस व हृदय सापडते, थोडी बाहेर सरकली तर रोगाचा अंश सुटतो.

पूर्वी हा प्रश्न अशा रूपात उभाच राहत नसे, कारण उपचारच निराळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरचे शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली आणि ती सत्तर-ऐंशी वर्षे जगभर चालली. तिला पहिले आव्हान दिले लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील जेफ्री कीन्स यांनी. अर्थशास्त्रज्ञ कीन्स यांचे हे धाकटे बंधू. १९२० च्या दशकात त्यांनी स्तन न काढता त्यात रेडियमच्या सुया बसविण्यास आरंभ केला. त्यांचा नेम त्यांच्या बोटांत होता, आणि रोग्याच्या शरीरात सुई असल्यामुळे श्वासाबरोबर सुईही हले. परंतु बहुतेक शल्यविशारदांनी त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही.

१९५१ साली कॅनडात कोबाल्टची यंत्रे आली, १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात विजेवर चालणारा रेषीय त्वरक रोग्यांसाठी सुरू झाला. किरण आता खोलवर पोचू लागले. मग मिलानमध्ये व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी मोठ्या चाचण्या केल्या. फिशर यांच्या चाचणीत १,८५१ स्त्रिया होत्या. वीस वर्षांनी, २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे: स्तन पूर्ण काढलेल्या स्त्रिया आणि केवळ गाठ काढलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक नव्हता, पण नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग उलटला, आणि गाठ काढून किरण दिलेल्यांत १४.३ टक्क्यांत. म्हणजे बाईचा स्तन वाचविण्याचा भार किरणांवर येऊन पडला. आणि ज्याच्यावर भार, त्याची तपासणी कडक, हा कारखान्याचा नियम येथेही लागू झाला.

तो वेळेवर लागू झाला असे मात्र नाही. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले ब्रिटनचे. तेथे कित्येक स्त्रियांना स्तनावरील किरणोपचारानंतर काही वर्षांनी हाताला मुंग्या, मग असह्य वेदना, मग हात लुळा पडणे, असा त्रास सुरू झाला. खांद्याजवळून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाली होती. एकेकटी बाई तक्रार करी तेव्हा तिचे फारसे कोणी ऐकत नसे. १९९० च्या दशकाच्या आरंभी या स्त्रियांनी 'रेज' नावाची संघटना बांधली, आणि मग किरणतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजला चौकशी करावी लागली. १९९५ साली आलेल्या अहवालात एक कारण पुढे आले ते अगदी साधे होते: स्तनावर किरण दिल्यानंतर काखेवर देताना बाईला हलवून निराळ्या स्थितीत निजवीत. त्यामुळे दोन किरणपट्टे एकमेकांवर चढत आणि मधल्या जागेस दुप्पट मार बसे. यंत्र बरोबर होते, मात्रा बरोबर होती. जॉब हलला होता. आणि ती गोष्ट उजेडात आली ती संघटनेमुळे. हे सांगताना आमचा आवाज थोडा चढला असेल तर क्षमा असावी.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील. १९८५ च्या जून महिन्यात जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा येथे स्तनातील गाठ काढलेली एक स्त्री थेरॅक-२५ नावाच्या यंत्राखाली निजली. तिला भाजल्यासारखे झाले आणि तसे तिने सांगितले. असे होणे शक्यच नाही, असे तिला उत्तर मिळाले. यंत्र बनविणाऱ्यांनीही तेच सांगितले. वस्तुतः तिला नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट मात्रा बसली होती; पुढे तिचा स्तन काढावा लागला आणि हात निकामी झाला. १९८७ पर्यंत त्या यंत्राने असे सहा अपघात केले. जुन्या यंत्रांत धोका झाल्यास वीज तोडणारे लोखंडी अटकाव असत; या यंत्रात ते काढून सगळा भरवसा संगणकाच्या आज्ञावलीवर टाकला होता. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली दोन अपघात झाले, तेव्हा तेथील भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालविणारी स्त्री यांनी खोलीत बसून पुन्हा पुन्हा प्रयोग केले. तिच्या बोटांना आठवत होते की चुकून दाबलेले अक्षर तिने भराभर दुरुस्त केले होते. तितक्याच वेगाने अक्षरे दाबली तेव्हा चूक पकडली गेली. हा दोष नेमाचा नव्हता, मात्रेचा होता. परंतु धडा एकच. यंत्र स्वतःविषयी जे सांगते तो पुरावा नव्हे. पुरावा बाहेरून घ्यावा लागतो, आणि यंत्राखाली निजलेल्या माणसाचा शब्द हा त्यातला पहिला पुरावा.

आता त्या गोळीकडे येऊ. १९८८ साली बॉस्टनमधील वेंडेल लुट्झ, केन विन्स्टन आणि नासेर मालेकी यांनी मेंदूवरील नेमक्या किरणोपचाराची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत तपासणीची युक्ती होती ती अशी. यंत्राचा हात रोग्याभोवती फिरतो, पण सर्व दिशांनी येणारे किरण एकाच बिंदूतून गेले पाहिजेत. भिंतीवरच्या लेसर रेषांनी दाखविलेल्या त्या बिंदूवर धातूची लहान गोळी ठेवावयाची आणि यंत्र निरनिराळ्या कोनांत नेऊन दर वेळी चित्र घ्यावयाचे. किरणांच्या गोल ठिपक्यात गोळीची सावली अगदी मध्यभागी पडली तर नेम बरोबर. एका कडेला सरकली तर जितकी सरकली तितकी चूक. लेथवर जॉबचे सेंटर डायल लावून पाहतात, तशातलाच हा प्रकार. अतिसूक्ष्म उपचारासाठी ही चूक एका मिलिमीटरच्या आत ठेवण्याची शिस्त आहे. गॅमा नाइफसारख्या यंत्रात दुसरी युक्ती करतात: मध्यबिंदूवर सुईने फिल्मला टोचतात, मग किरण सोडतात, आणि काळा डाग टोचलेल्या छिद्राभोवती पडला का ते पाहतात. धनुर्धराच्या परीक्षेहून हे निराळे नाही. फरक एवढाच की येथे परीक्षा रोजची आहे.

परंतु यंत्र खरे ठरले म्हणजे उपचार खरा ठरला असे नव्हे. गोळी हलत नाही, बाई हलते. पूर्वी कातडीवर शाईची टिंबे गोंदून त्यांवरून बाईला जागेवर आणीत. पण कातडी आतल्या मांसावरून सरकते. शस्त्रक्रियेच्या व्रणाखालीच गाठीची जागा असेल असे धरावे तर तेही फसवे ठरले. म्हणून शल्यविशारद गाठ काढल्यावर त्या पोकळीच्या कडांना धातूच्या लहान चिमट्या लावून ठेवू लागले. १९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांचे सी.टी. यंत्र रुग्णसेवेत आले आणि आतला नकाशा दिसू लागला. पुढे किरणांच्या वाटेतच चित्र घेणारे पडदे आले, २००० सालाच्या सुमारास त्वरकालाच सी.टी. जोडण्याची सोय झाली, आणि उपचाराच्या पलंगावरच त्या चिमट्या जागेवर आहेत की नाहीत हे पाहता येऊ लागले.

इतके करूनही चूक उरतेच. तेव्हा चुकीचा हिशेब मांडावयास हवा. तो ॲमस्टरडॅमच्या मार्सेल व्हान हर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडला. चुका दोन जातींच्या असतात. कारागिराचा हात कधी इकडे कधी तिकडे थरथरतो, ही एक. आणि गेजचे शून्यच सरकलेले असते, ही दुसरी. पहिलीत काही जॉब जाड होतात, काही पातळ. दुसरीत सगळेच्या सगळे बिघडतात. व्हान हर्क यांच्या सूत्रात लक्ष्याभोवती किती जागा राखून ठेवावयाची हे ठरविताना दुसऱ्या जातीच्या चुकीला २.५ ने गुणावयाचे आणि पहिल्या जातीच्या चुकीला ०.७ ने. म्हणजे सरकलेले शून्य हे थरथरत्या हाताहून साडेतीनपट महाग. कामगाराच्या हातावर खापर फोडून गेज न तपासणाऱ्या सर्व व्यवस्थापकांनी हे सूत्र भिंतीवर लावावे अशी आमची नम्र सूचना आहे.

राखीव जागाही फुकट मिळत नाही. २०१३ साली सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी स्वीडन व डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयावर सरासरी पडणाऱ्या प्रत्येक ग्रे मात्रेमागे हृदयाच्या गंभीर विकाराचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढत होते. म्हणून डाव्या स्तनाच्या रोग्यांना खोल श्वास घेऊन रोखावयास शिकवितात. फुप्फुस फुगते आणि हृदय किरणांपासून दूर सरते. तो श्वास खरोखर तितकाच रोखला गेला का, हेही मग तपासावे लागते.

आता उपचार आखूड होत चालले आहेत. पूर्वी पाच आठवडे पंचवीस वेळा किरण देत. मग तीन आठवडे आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत पाच दिवसांत २६ ग्रे दिल्याने पाच वर्षांपर्यंत रोग आटोक्यात राहण्यात उणेपणा आढळला नाही. रोजंदारीवरच्या बाईला हे वरदानच. पण येथे एक मेख आहे. पंचवीस दिवसांत हाताची थरथर एकमेकींत जिरून जाते. पाच दिवसांत ती कमी जिरते, आणि एकाच दिवसाच्या उपचारात मुळीच जिरत नाही. थरथरच सरकलेले शून्य बनते. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत परवानगी मिळालेल्या, मेरीलँड विद्यापीठात जन्मलेल्या गॅमापॉड यंत्रात बाई पालथी निजते आणि हलक्या शोषणाने स्तन एका पेल्यात धरून ठेवतात. पेल्यावरच्या खुणांवरून नेम ठरतो. लेक्सेल यांची चौकट अशी अखेर मऊ अवयवाला लाभली. पण पेला बसविल्यापासून उपचार संपेपर्यंत स्तन त्यात सरकला नाही, याची खात्री माणसानेच करावयाची असते. लंडनमध्ये १९९८ साली मूळचे गोव्याचे जयंत वैद्य, तसेच मायकेल बाउम व जेफ्री टोबायस यांनी निराळी वाट धरली: गाठ काढल्याबरोबर त्या पोकळीतच किरणांची गोळी ठेवून द्यावयाची. कीन्स यांच्या सुईचेच ते दूरचे वंशज. नेम चुकू नये म्हणून लक्ष्यातच जाऊन बसण्याचा हा मार्ग मर्यादित रोग्यांनाच लागू पडतो. बाकीच्यांना नेमावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक गोष्ट सांगून आवरतो. १९६९ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी एक टपालसेवा सुरू केली. लिथियम फ्लुओराइडच्या पुडीची लहान कुपी रुग्णालयाकडे यावयाची, तेथे तिला ठरलेली मात्रा द्यावयाची आणि परत धाडावयाची. पुडी तापविली की तिने किती किरण झेलले ते प्रकाशाच्या रूपाने सांगते. मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्राची प्रयोगशाळाही अशी तपासणी करते. स्वतःची पट्टी स्वतः तपासावयाची नाही, दुसऱ्याकडून तपासून घ्यावयाची, हा साधा विवेक त्या पाकिटात आहे.

श्रोतेहो, या सव्वाशे वर्षांचा अर्थ आम्हांस असा दिसतो. डॅलीच्या काळी तपासणीची किंमत तपासणारा स्वतःच्या हाताने भरीत होता. मग काही काळ ती न तपासल्यामुळे रोगी भरीत राहिले. आता ती किंमत वेळेत भरावयाची आहे. सकाळचा एक तास, पुरेशी माणसे, आणि सर्वांत मोठे म्हणजे यंत्र थांबविण्याचा अधिकार. जेथे दोघांचे काम एकटा करतो आणि बाहेर बाके भरलेली असतात, तेथे पहिली काट तपासणीला बसते. आणि ती बसली हे कोणाला दिसत नाही. ही काट बसू न देणे हे डॉक्टरांइतकेच बाहेर बसलेल्या आपणा सर्वांचे काम आहे.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता यंत्र नीट लागले. मुलीने बाहेर येऊन पहिले नाव पुकारले. आम्ही तिची माफी मागितली, ती हसून म्हणाली, "काका, रोज कोणी विचारीत तरी नाही." आमच्या भगिनीचा नंबर लागावयास संध्याकाळ झाली, आणि शेवटची एस.टी. चुकली. आज ती पुन्हा कॅन्टीनमध्ये कामावर आहे. त्या उशिराबद्दल तिने आजवर तक्रार केलेली नाही. तक्रार केली होती ती आम्ही.